उजव्या रांगेतला चाकरमानी

आमच्या गावाकडे मुंबईत राहणाऱ्या माणसाला चाकरमानी म्हणतात. मग मुंबईत तो गिरणीत असो, बँकेत असो, डॉक्टर असो नाहीतर नुसता बसून खात असो. कुडाळला उतरला की चाकरमानी. लोक म्हणतात, किती छान शब्द, त्यात चाकरी आहे आणि मानही आहे. मान कसला डोंबलाचा? माझ्या भावाला या एका शब्दाने जन्मभर छळलं, आणि शेवटी तो शब्द त्याच्या नावावर मीच ठोकला. ते सांगायला बसलेय. मध्ये कोणी बोलू नका, मला सवय नाही.

बाळा पालव. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. माझं नाव प्रेमा, पण तो मला बाय म्हणायचा, आमच्यात धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. बाबा परळला गिरणीत होते. आई आम्हाला घेऊन मुंबईला आली तेव्हा बाळा नऊ वर्षांचा होता आणि मी पाच. पुढच्या मे महिन्यात आम्ही परत कोंडसऱ्याला, आमच्या गावी गेलो. पोचल्या पोचल्या बाळा जो धावत सुटला तो थेट घाड्यांच्या अंगणात. अंबादास घाडी त्याचा जानी दोस्त. वर्षभर बाळाने परळच्या खोलीत फक्त त्याच्याच गोष्टी सांगितल्या होत्या. तर अंबादासच्या आईने ओसरीवरून काय हाक द्यावी? "अरे, चाकरमानी इलो रे." हाफ पँटमधलं पोर ते, चाकरी कसली करणार होतं? बाळा तसाच मागे फिरला आणि आमच्या विहिरीमागे बसून रडला. मी जाऊन विचारलं तर म्हणाला, "बाय, मी चाकरमानी नाय. मी हंयचोच."

मी सहा वर्षांची, मला काय कळणार? मी आईला जाऊन सांगितलं आणि आई हसली. सगळेच हसले. पुढे साठ वर्षं आम्ही हसतच होतो.

गिरणी संपात बंद पडली, बाबा घरी बसले आणि बाळा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका वर्कशॉपला लागला. दारावरच्या पाट्या करायचं वर्कशॉप. पितळी पाटीवर नाव कोरायचं, अक्षरांत काळा रंग भरायचा आणि पॉलिश मारायचं. मशीन असं की इकडे साच्यातल्या अक्षरावरून एक सुई फिरवायची, तिकडे पितळेवर दुसरी सुई तेच अक्षर कोरते. मशीन कोणीही चालवेल. बाळाची खरी हुशारी आखणीत. कोरायच्या आधी पेन्सिलीने सगळी पाटी आखून घ्यायचा, दोन ओळींतलं अंतर तीन-तीनदा मोजायचा. पितळेवर खोडरबर चालत नाही, असं म्हणायचा. चाळीस वर्षांत त्याच्या पाटीत एक ओळ सुटली नाही की एक काना वाकडा गेला नाही. पुढे लेझरची मशीनं आली, वर्कशॉपमधली पोरं कॉम्प्युटरवर नावं टाईप करायला लागली, तरी मोठी पाटी असली की शेठ यालाच बोलवायचा.

शेठ माणूस चांगला, पण हाक मारायचा ती "ए घाटी". मुंबईत मराठी माणूस दिसला की घाटी. बाळा दरवेळी हातातलं काम थांबवून त्याला समजावायचा, शेठ, घाट वर, आम्ही घाटाच्या खाली, आम्ही घाटी कसे होणार? शेठ मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घाटी. आमच्या सोसायटीत तो मालवणी काका. मालवण आमच्या गावापासून केवढं लांब, पण कोण ऐकतंय? म्हणजे बघा, मुंबईत हा गावचा आणि गावात हा मुंबईचा. घाटी, मालवणी यांचं त्याला काही वाटायचं नाही. हसून सोडून द्यायचा. लागायचा तो एकच शब्द.

आता माझं उलट. मला गाव कधी आवडलं नाही. खोटं कशाला बोलू? तो चुलीचा धूर, तो पायाला लागणारा चिखल, ते सगळ्यांनी सगळ्यांच्या घरात डोकावणं. मी मेमध्ये चार दिवस जायची ती बाळाने हट्ट केला म्हणून. पण मी गेले की काय थाट! माहेरवाशीण आली. या घरी ओटी, त्या घरी घावणे, देवीपुढे माझा वेगळा नारळ. मी आयुष्य मुंबईत काढलं तरी गावाच्या लेखी मी घरचीच. आणि जो अकरा महिने पंचांग बघत गावाच्या तारखा मोजायचा, तो चाकरमानी, पाहुणा. हे मी बाळाला एकदा गमतीत बोलून दाखवलं. तो हसला नाही.

आमच्या गावात कुठलंही मोठं काम देवीला गाऱ्हाणं घालून सुरू होतं. तो मान अंबादासच्या घराण्याचा. घाडी मोठ्याने देवीला सांगतो आणि लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्यात आधी गावात राहणाऱ्यांसाठी मागणं असतं आणि मग पोटासाठी बाहेर गेलेल्या चाकरमान्यांसाठी. बाळा पहिल्या मागण्याला छाती भरून "व्हय म्हाराजा" म्हणायचा. दुसऱ्याला गप्प. चाकरमानी मंडळी सगळी आजूबाजूला ओरडतायत आणि हा तोंड मिटून उभा. मी एकदा कोपराने ढोसलं, अरे देवी सांभाळणार कसं तुला? तर म्हणाला, पहिल्यात सांभाळलं की पुरे.

माझा नवरा गेला तेव्हा मला मूलबाळ नाही, सासरी थारा नाही. तोवर माझी वहिनीही वारली होती आणि बाळाच्या मुलीचं, दिशाचं, लग्न होऊन ती मुलुंडला गेली होती. बाळा टेम्पो घेऊन आला, माझं कपाट आणि शिलाई मशीन त्यात घातलं आणि मला चारकोपच्या खोलीवर घेऊन आला. म्हणाला, आतली खोली तुझी. एवढंच. उपकाराची भाषा त्याने कधी केली नाही. मी तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात चेकिंगला होते. वीस वर्षं शर्टांतले दोष शोधले, ती खोड घरीही गेली नाही. दिवसभर मी त्याला बोलायची आणि तो "व्हय गो बाय" करत चहा प्यायचा. आम्ही दोघं सुखात होतो. निदान मी तरी होते.

मग गावात देवळाचा जीर्णोद्धार निघाला. सभामंडपात पितळेची मोठी पाटी लावायची ठरली, गावातल्या प्रत्येक घराचं नाव असलेली. बाळा म्हणाला, ही पाटी मी करणार, माझ्या हाताने. अंबादास घाडी आता गावचा कर्ता माणूस झाला होता, त्याने मोबाईलवर यादी पाठवली. बाळाने चष्मा लावून ती वाचली आणि फोन तसाच मांडीवर ठेवला. मी डोकावून पाहिलं. दोन रांगा होत्या. डावीकडे ग्रामस्थ, देवळापासून वाडीत जशी घरं लागतात त्या क्रमाने. उजवीकडे चाकरमानी मंडळी. बाळा सखाराम पालव उजवीकडे, सगळ्यात शेवटी.

त्याने अंबादासला फोन केला. भांडला नाही. विचारलं फक्त, डाव्या रांगेत यायला काय लागतं? अंबादास म्हणाला, नियम पंचांनी केलाय. ज्या घरात बाराही महिने चूल पेटते ते ग्रामस्थ. तुझ्या घराला कुलूप आहे, मी काय करू? बाळा म्हणाला, मग मी पेटवतो चूल.

आणि गेला की! सहासष्टाव्या वर्षी, डायबेटिस असलेला माणूस, एकटा गावात जाऊन राहिला. मी खूप आकांडतांडव केलं. तो म्हणाला, तूही चल. मी म्हटलं, मी मेले तरी येणार नाही. दहा महिने राहिला. परसात भाजी लावली, विहीर उपसून घेतली, भजनाला टाळ घेऊन बसायला लागला. रोज संध्याकाळी मला फोन करून आज काय जेवलो ते सांगायचा. पण शब्द काही सुटला नाही. पाणी उकळून पितो म्हणून चाकरमानी. सकाळी हातात काही काम नसताना नुसता चालायला जातो म्हणून चाकरमानी. वाण्याकडे सुट्टे नीट मोजून घेतो म्हणूनही चाकरमानी. लोक प्रेमानेच म्हणायचे, त्यात शंका नाही. अंबादास म्हणायचा, अरे, बारा महिने पुरे होऊ देत, मग तोंडंही गप्प होतील.

बारा महिने पुरे झाले नाहीत. पायाला काटा लागला, त्याने अंगावर काढला आणि जखम चिघळली. दिशा जाऊन त्याला गाडीत घालून घेऊन आली. पायाचं एक बोट काढावं लागलं. घराला पुन्हा कुलूप लागलं. हॉस्पिटलातून खोलीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य हेच की दोनच महिने राहिले होते, जखम भरली की जातो.   त्या दहा महिन्यांत मी काय काढलं ते मलाच ठाऊक. दुपारी कोणी बेल वाजवली तरी बरं वाटायचं, सेल्समन असला तरी. मी त्याला तापून बोलायची कारण तो होता. तो नसल्यावर मी कोणावर तापायचं, भिंतीवर?

देवळाच्या उद्घाटनाची तारीख मेमध्ये ठरली. पाटी आता करायला घ्यावी लागणार होती. फेब्रुवारीत एका सकाळी दिशा बाळाला ड्रेसिंगला घेऊन गेली होती आणि त्याचा फोन घरी चार्जिंगला होता. अंबादासचा फोन आला. मी उचलला. तो म्हणाला, पंचांची बैठक झाली. दहा महिने चूल पेटली, दोन महिने आजारपणामुळे राहिले, ते धरू नयेत असं सगळे म्हणतात. बाळाचं नाव डावीकडे घेऊया. फक्त एक सांग, बरा झाला की तो गावात राहायला येणार ना? तुझ्या तोंडून हो ऐकलं की झालं.

आता ऐका मी काय केलं ते.

मला एक शब्द बोलायचा होता. हो. त्या एका शब्दासाठी माझा भाऊ साठ वर्षं थांबला होता, आणि हे मला जगात सगळ्यात जास्त माहीत होतं. मी म्हटलं, "नाही येणार तो. डॉक्टरनी नाही सांगितलंय. त्याला उगाच आशा लावू नका, तो चाकरमानी आहे आणि चाकरमानीच राहणार." डॉक्टर असं काही बोलले नव्हते. अंबादासने बरं म्हणून फोन ठेवला. मी फोन होता तसा चार्जिंगला लावला. बाळा आला तेव्हा मी भात टाकला होता. मी त्याला सांगितलं नाही. स्वतःला सांगितलं की हे त्याच्या पायासाठी केलं. खोटं. मी ते माझ्यासाठी केलं.

चार-पाच दिवसांनी बाळा म्हणाला, वर्कशॉपला जातो, पाटी करून टाकतो. मी म्हटलं, यादी बदलली का? मला बघायचं होतं काही कळलंय का याला. तो म्हणाला, "नाय, हुती तशीच." चेहऱ्यावर काही नाही. पाय स्टुलावर ठेवून चार दिवस बसला मशीनवर. शेठने मोठं मशीन त्याला मोकळं करून दिलं होतं. पाटी चादरीत गुंडाळून रिक्षातून घरी आणली आणि कपाटामागे उभी केली. म्हणाला, बघायची तर बघ. मी म्हटलं, गावाला लागल्यावर बघेन. माझी हिंमतच झाली नाही त्या उजव्या रांगेतलं नाव बघायची.

नंतरचे दोन महिने मी त्याच्याशी एवढी गोड वागले की त्याला संशय आला असेल. पेज करून द्यायची, पाय चेपून द्यायची. तो म्हणायचा, बाय, तू बरी आहेस ना? मी रोज ठरवायची, आज सांगून टाकते. आज नको, पाय दुखतोय. आज नको, दिशा आलीये. एप्रिलमध्ये एका सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत बसला होता. मी आतून विचारलं, साखर कमी झालीये का? उत्तर आलं नाही. बाहेर आले तर मान छातीवर आणि कप मांडीत कलंडलेला. डॉक्टर म्हणाले, हार्टचा झटका, कळलंही नसेल त्याला. मला मात्र कळलं, की आता सांगायला कोणी उरलं नाही.

माणसं जमली. खाली गेटजवळ सोसायटीचा पांढरा बोर्ड आहे, पाणी कधी बंद, लिफ्ट कधी बंद ते लिहायचा. त्यावर कोणीतरी लिहिलं होतं, आपल्या सोसायटीतील मालवणी काका यांचे दुःखद निधन. पस्तीस वर्षं या बिल्डिंगमध्ये. अर्ध्या दारांवरच्या पाट्या त्याने केलेल्या, आणि त्याचं नाव लिहायला कोणाला येऊ नये? मी वॉचमनकडून मार्कर मागितला आणि मालवणी काका पुसून बाळा सखाराम पालव असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं. त्याला आवडलं नसतं.

मेमध्ये मी आणि दिशा पाटी घेऊन गावाला गेलो. अंबादास स्टँडवर आला होता. म्हातारा झालाय तोही. देवळात चादर सोडली, चार जणांनी पाटी भिंतीला धरली आणि सगळे जवळ येऊन आपापलं नाव शोधायला लागले. काय काम होतं ते! एकेक अक्षर घासून पुसून ठेवलेलं. उजव्या रांगेत शेवटी बाळा सखाराम पालव, बाकीच्यांच्याच आकारात, वेगळं काही नाही. मग कोणीतरी डावीकडे बोट दाखवलं. सहाव्या नावानंतर एक ओळ मोकळी होती. सहावं घर घाड्यांचं. त्याच्या पुढचं घर आमचं. एका नावापुरती जागा, वर-खाली बरोबर तेवढंच अंतर, आणि पुढे सातवं नाव नीट सुरू. एक बाई म्हणाली, आजारपणात केलेलं काम, चुकलं असेल बिचाऱ्याचं.

चुकलं असेल म्हणे! मला तिथे उभं राहवेना. मी अंबादासला देवळाच्या मागे नेलं आणि सगळं ओकून टाकलं. डॉक्टर काही बोलले नव्हते. बाळाला मी सांगितलंच नाही तुझा फोन आला होता. त्याला शेवटपर्यंत वाटलं असेल की गावाने त्याला नाही म्हटलं. वाट बघत बघत गेला तो, म्हणून ती जागा सोडली त्याने. मी पदराने तोंड दाबून रडत होते. अंबादासने मला रडू दिलं. मग म्हणाला, "प्रेमा, तेका ठाऊक हुता. माका रवला नाय, दुसऱ्या दिवशी मी परत फोन केलंय. तुझा सगळा सांगलंय तेका. तर तो म्हणालो, बायन सांगल्यान मां, मगे तसाच ठेवा. मी गावाक इलंय तर ती हंय मुंबैत एकटी पडतली. आणि माका बजावल्यान, ह्या तिका सांगू नको."

म्हणजे त्या दोन महिन्यांत मी पेज करून देत होते तेव्हा त्याला ठाऊक होतं. पाय चेपत होते तेव्हा ठाऊक होतं. बाय, तू बरी आहेस ना, असं विचारत होता तेव्हाही ठाऊक होतं. स्वतःचं नाव त्याने स्वतःच्या हाताने त्या रांगेत कोरलं, माझ्यासाठी, आणि डावीकडे फक्त जागा सोडली. एक शिवी तरी द्यायची होतीस रे. मी भांडले असते, पण बरं वाटलं असतं.

अंबादास म्हणाला, त्या जागेत नाव कोरून घेऊ, पंच नाही म्हणणार नाहीत. मी नको म्हटलं. दुसऱ्या कोणाचा हात त्या पाटीला लागायला नको होता मला.

पाटी लागली आणि अंबादास गाऱ्हाण्याला उभा राहिला. डोक्याला टॉवेल, हातात नारळ. "बा देवी म्हाराजा, गावात जी जी चूल पेटता, त्या घरातल्या लेकराबाळांक सुखी ठेव." आयुष्यात कधी ओरडले नसेन एवढ्या मोठ्याने मी ओरडले, व्हय म्हाराजा. दिशाने दचकून माझ्याकडे पाहिलं. मग अंबादासने दुसरं मागणं घातलं, पोटासाठी बाहेर गेलेल्या चाकरमान्यांसाठी. सगळे ओरडले. माझं तोंड उघडलं नाही. त्या रांगेत माझ्या भावाचं नाव होतं, आणि ते तिथे मी घातलं होतं.